1803 सालची दिल्ली आणि दार-उल-इस्लामचा प्रश्न



11 सप्टेंबर 1803 रोजी दिल्लीसमोर, यमुनेच्या पूर्वेकडच्या पटपडगंजच्या मैदानात जनरल लेकच्या फौजेने दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव केला आणि काही दिवसांतच लेक लाल किल्ल्यात शाह आलम पादशहाच्या भेटीला गेला. तख्तावर माणूस तोच राहिला, वृद्ध आणि आंधळा. जामा मशिदीतली अजान चालू राहिली, जुम्म्याची नमाज चालू राहिली. बदलला तो पादशहाचा पालक. त्याआधीची जवळजवळ वीस वर्षे हे पालकत्व मराठ्यांकडे होते. 1784 साली महादजी शिंद्यांनी पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक, म्हणजे पादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी, हे पद मिळवले होते. 1788 साली गुलाम कादिर रोहिल्याने पादशहाचे डोळे काढल्यावर त्याला पुन्हा गादीवर बसवले ते महादजींच्याच फौजेने. म्हणजे दिल्लीतली खरी सत्ता 1803 च्या बऱ्याच आधी मुसलमानांच्या हातून गेली होती, आणि हिंदू सरदाराच्या हाती गेली होती. तरीही मराठ्यांच्या अमलाखालची दिल्ली दार-उल-इस्लाम, म्हणजे इस्लामी अमलाचा प्रदेश, राहिली नाही असा कोणताही गाजलेला फतवा आपल्यासमोर येत नाही. इंग्रज आल्यावर मात्र येतो. शाह वलीउल्लाहांचे पुत्र शाह अब्दुल अझीझ (1746–1824) हे त्या काळी दिल्लीतले सर्वांत मान्यवर आलिम. दिल्ली आणि तिथून कलकत्त्यापर्यंतचा मुलूख आता दार-उल-हर्ब, म्हणजे युद्धाचा प्रदेश, झाला आहे, असा निर्णय त्यांनी फारसीत लिहून दिला. त्याची नेमकी तारीख वादग्रस्त आहे, पण दिल्ली इंग्रजांकडे गेल्यानंतरच्या परिस्थितीवर तो आहे यात शंका नाही. हिंदू पालकाखाली जो प्रदेश इस्लामी राहतो, तो ख्रिस्ती पालकाखाली का राहत नाही? या कोड्यात आजच्या विषयाची किल्ली आहे.

फतव्यातली कारणे बारकाईने पाहिली तर धर्मद्वेषाचा सूर त्यात फारसा ऐकू येत नाही. युक्तिवाद कायदेपंडिताचा आहे. या शहरात मुसलमानांच्या इमामाचा हुकूम चालत नाही. राज्यकारभार, महसूल, व्यापारावरचा कर, चोर-दरोडेखोरांना शिक्षा, तंट्यांचे निवाडे हे सारे ख्रिस्ती अंमलदारांच्या हुकमाने होते. मुसलमान असो की जिम्मी (मुसलमानेतर प्रजाजन), त्यांच्या परवान्याशिवाय कोणी शहरात येऊ शकत नाही. जुम्मा, ईद, अजान, गोवध यांत ते ढवळाढवळ करत नसले तरी ते त्यांच्या मर्जीवर आहे, मुळात हक्क म्हणून नाही. हैदराबाद, लखनौ, रामपूर इथे त्यांचा थेट अंमल नाही, कारण तिथल्या नबाबांनी त्यांचे वर्चस्व मान्य केले आहे. आता हीच मापे मराठ्यांना लावून पाहा. शिंद्यांचे दिल्लीतले अधिकारी पादशहाच्या नावाने वागत. महादजींना गोहत्या थांबवायची होती तेव्हा त्यांनीही पादशहाच्याच मोहोरेचे फर्मान घेतले. दिल्लीच्या बाजूची शिंद्यांची लष्करी व्यवस्था अखेरच्या काळात पेराँसारख्या फ्रेंच, म्हणजे ख्रिस्तीच, सेनानींच्या हाती होती, पण त्यावरून कोणी प्रदेशाची जात बदलली नाही. अंमलदार कोणत्या धर्माचा, हा प्रश्न दुय्यम होता. निवाडा कोणत्या कायद्याने होतो आणि जीविताची हमी कोणाच्या शब्दावर मिळते, हे दोन प्रश्न मुख्य होते. माझे आजचे प्रतिपादन एवढेच आहे: दार-उल-इस्लाम ही कल्पना घडली ती न्यायाधिकाराची कल्पना म्हणून. तिला जगाच्या नकाशावरची युद्धरेषा समजून जे वागले त्यांनी, आणि तसे समजून जे तिला घाबरले त्यांनीही, तिचा इतिहास अर्धाच वाचला. मात्र ती न्यायाधिकाराची कल्पना आहे म्हणून आजच्या नागरिकत्वाला पोषक आहे, असे मी म्हणणार नाही. ती तशी नाही, आणि ते शेवटी सांगेन.

ही विभागणी कुराणात नाही. ती घडवली दुसऱ्या हिजरी शतकातल्या, म्हणजे इसवी सनाच्या आठव्या शतकातल्या, इराकमधल्या फकीहांनी, म्हणजे धर्मकायद्याच्या पंडितांनी: कूफ्याचे अबू हनीफा (मृत्यू 767), त्यांचे शिष्य अबू यूसुफ (मृत्यू 798) आणि मुहम्मद अश-शैबानी (मृत्यू 805). साम्राज्य सिंधपासून स्पेनपर्यंत पसरले होते आणि सरहद्दीवर रोज व्यवहाराचे प्रश्न उभे राहत होते. शत्रूच्या मुलखात गेलेल्या मुसलमान व्यापाऱ्याने तिथे केलेला करार इथल्या काजीने अमलात आणायचा का? तिथे केलेल्या गुन्ह्याची सजा इथे द्यायची का? तिकडून परवाना घेऊन आलेल्या परक्याचा इथे खून झाला तर काय? असल्या प्रश्नांची उत्तरे देताना दोन प्रदेशांची परिभाषा तयार झाली. तिची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. दार-उल-इस्लामच्या सीमा वाढवत नेणे हे खलिफाचे कर्तव्य आणि समाजाची सामूहिक जबाबदारी आहे, शत्रूशी तह करायचा तो मुदतीचा, असे अभिजात फिकहमध्ये, म्हणजे धर्मकायद्याच्या शास्त्रात, स्पष्ट म्हटले आहे. शाफई पंथाने तर प्रेषितांच्या हुदैबियाच्या तहाच्या आधारे दहा वर्षांची कमाल मर्यादा सांगितली. विजयी साम्राज्याच्या छायेत लिहिलेले हे शास्त्र आहे आणि त्यात विजेत्याचा आत्मविश्वास आहे. आजचे काही बचावकर्ते त्यातला हा भाग गाळून वाचतात, ते योग्य नव्हे.

पण प्रदेश हातचा जातो कधी, या प्रश्नावर त्याच शास्त्राने काय म्हटले ते पाहण्यासारखे आहे, कारण हिंदुस्थानातला सारा वाद याच मुद्द्याभोवती फिरला. अबू हनीफांच्या मते दार-उल-इस्लामचे दार-उल-हर्ब व्हायला तीन अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात: कुफ्राचे, म्हणजे इस्लामेतर, कायदे उघडपणे लागू झाले पाहिजेत, तो प्रदेश दार-उल-हर्बला लागून असला पाहिजे, मध्ये इस्लामी मुलूख नसावा, आणि पूर्वीच्या अमानेवर, म्हणजे संरक्षणाच्या जुन्या हमीवर, सुरक्षित असलेला एकही मुसलमान किंवा जिम्मी तिथे उरलेला नसावा. शिष्यांनी गुरूशी मतभेद दाखवून पहिली अट एकटी पुरे म्हटले. तिसऱ्या अटीत जिम्मीचा, म्हणजे त्या राज्यातल्या मुसलमानेतर प्रजेचा, उल्लेख आहे हे विसरता कामा नये. प्रदेश इस्लामी आहे की नाही, हे ठरवताना ख्रिस्ती, ज्यू किंवा पारशी रहिवाशाची सुरक्षितताही मापात धरलेली आहे. शाह अब्दुल अझीझांच्या फतव्यात ‘मुसलमान असो की जिम्मी’ हे शब्द का येतात, ते आता लक्षात येईल. हजार वर्षांपूर्वीची यादी समोर ठेवून ते दिल्लीची तपासणी करत होते.

पंथापंथांतला फरकही इथे समजून घेतला पाहिजे, आणि तो आपल्या कोकणाशी संबंधित आहे. हनफी शास्त्र मुख्यतः प्रादेशिक आहे: काजीचा अधिकार त्याच्या प्रदेशापुरता, त्यामुळे दार-उल-हर्बमध्ये केलेल्या कित्येक कृत्यांची दखल इथले न्यायालय घेत नाही. शाफई शास्त्र व्यक्तीला चिकटलेले आहे: मुसलमान कुठेही गेला तरी कायदा त्याच्याबरोबर जातो. उत्तरेतले बहुसंख्य मुसलमान हनफी. कोकणी मुसलमान आणि केरळातले मापिळा शाफई, कारण त्यांचा इस्लाम खैबरखिंडीतून फौजेबरोबर आला नाही, अरबी समुद्रावरून गलबतांतून आला. उत्तरकालीन काही शाफई शास्त्र्यांनी तर एकदा दार-उल-इस्लाम झालेली भूमी पुढे कोणीही जिंकली तरी शास्त्रात ती तशीच राहते असे सांगितले. एकाच देशातल्या दोन मुसलमानांना एकाच भूमीविषयी वेगवेगळी उत्तरे मिळत होती आणि दोन्ही उत्तरे शास्त्रशुद्ध होती. ‘इस्लाम याबद्दल काय म्हणतो’ असा एकवचनी प्रश्न विचारणाऱ्यांची पंचाईत इथून सुरू होते.

मुसलमान राजा नाही, तरी मुसलमानी जीवन चालू आहे, अशी स्थिती पश्चिम किनाऱ्यावर दिल्लीच्या सुलतानीच्या कितीतरी आधीपासून होती. प्रवासी आणि इतिहासकार अल-मसूदी इ.स. 916 च्या सुमारास सैमूर, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातले चौल, इथे आला होता. ‘बल्हारा’च्या, म्हणजे राष्ट्रकूटांच्या, या मुलखात त्याने सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती नोंदवली: सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि इथेच जन्मलेले. त्यांचे तंटे त्यांच्याच कायद्याने तोडायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला होता. त्यानंतर दहाच वर्षांनी, शके 848 मध्ये, पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीचा ताम्रपट सांगतो की संजाण प्रांताचा कारभार राष्ट्रकूटांच्या वतीने मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी पाहत होता. मधुमती हे मुहम्मदचेच संस्कृत रूप. त्याच्या अमदानीत एका देवीच्या मठिकेला जमीन दिली गेली, त्याचा तो लेख आहे. हिंदू सम्राटाचा मुसलमान मामलेदार देवीच्या मठाच्या दानाला मंजुरी देतो, तेव्हा संजाण कोणत्या ‘दार’मध्ये होते, हे सांगणाऱ्याची मी जरूर वाट पाहीन!

किनाऱ्याने आणखी खाली गेलो तर पुरावा अधिक बोलका होतो. सोळाव्या शतकात मलबारचे शाफई पंडित झैनुद्दीन मखदूम यांनी ‘तुहफत-उल-मुजाहिदीन’ हा ग्रंथ अरबीत लिहिला आणि विजापूरच्या अली आदिलशहाला अर्पण केला. 1510 साली याच घराण्याकडून पोर्तुगीजांनी गोवा घेतला होता, तेव्हा अर्पण करायला पत्ता चुकला नव्हता. ग्रंथ जिहादला आवाहन करणारा आहे. पण जिहाद पोर्तुगीजांविरुद्ध. कालिकतचा राजा सामुतिरी हिंदू असूनही तो लेखकाला शत्रू वाटत नाही. मलबारचे राजे मुसलमानांना मान देतात, जुम्मा आणि ईद पाळू देतात, काजी आणि मुअज्जिनांची सोय करतात आणि मुसलमानांना आपापसांत शरियत चालवू देतात, असे तो मोकळेपणाने लिहितो. म्हणजे युद्ध पुकारणाऱ्या पुस्तकातही शत्रुत्वाचे माप राज्यकर्त्याच्या धर्मावरून घेतलेले नाही. अमान मोडणारा तो शत्रू, अमान पाळणारा तो मित्र, हेच माप तिथेही आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: जगाचे असे दोन तुकडे करणारा धर्म हा एकटाच. तो पूर्ण खरा नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात काळवीट जिथे स्वभावतः फिरतो तो देश यज्ञाला योग्य आणि त्यापलीकडे म्लेंच्छदेश, अशी विभागणी आहे. समुद्रपर्यटन करून आलेल्यांना प्रायश्चित्त घ्यायला लावणारा पुण्या-मुंबईतला वाद काही फार जुना नाही. धर्मकृत्य जिथे शक्य ती आपली भूमी, हा विचार दोन्हीकडे आहे. फरकही मोठा आहे, तो सांगितला पाहिजे: म्लेंच्छदेश जिंकून यज्ञीय करण्याची जबाबदारी मनू राजावर टाकत नाही, फकीह खलिफावर टाकतात. तुलना इथे थांबवावी. त्यापुढे ती फसते.

आता पुन्हा इंग्रजी अमलाकडे. ‘कुफ्राचे कायदे’ हिंदुस्थानात नेमके कधी लागू झाले? याला एक तारीख नाही, आणि उलेमांच्या परस्परविरोधी फतव्यांचे खरे कारण तेच आहे. 1772 च्या वॉरन हेस्टिंग्जच्या योजनेत विवाह, वारसा या बाबतींत मुसलमानांना कुराणाचा कायदा आणि न्यायाधीशाशेजारी मौलवी, अशी व्यवस्था होती. फौजदारी कायदाही काटछाट केलेला इस्लामीच होता. कंपनीचे रुपये 1835 पर्यंत शाह आलमच्या नावाने पडत. 1860 ची दंडसंहिता 1862 पासून अमलात आली, तेव्हा इस्लामी फौजदारी कायदा संपला. 1864 च्या अकराव्या कायद्याने न्यायालयांतले मौलवी आणि सरकारी काजी गेले. 1880 च्या कायद्याने काजी परत आले, पण निकाह लावण्यापुरते, निवाड्याचा अधिकार नसलेले. जवळजवळ शतकभर कायदा एकेक वीट काढून बदलत होता. घर कोणत्या विटेला पडले म्हणायचे? बंगालमध्ये हाजी शरीअतुल्लाहांच्या फराइजींनी खूप लवकर निकाल दिला: मुसलमान सुलतान आणि त्याचा काजी नाही, म्हणून जुम्मा आणि ईदच्या नमाजा बंद. गरीब शेतकऱ्यांच्या या चळवळीने त्या नमाजा खरोखरच थांबवल्या. जौनपूरचे करामत अली हे सय्यद अहमद बरेलवींच्या परंपरेतले, म्हणजे 1831 साली बालाकोटला शिखांशी लढताना पडलेल्या जिहादी नेत्याच्या परंपरेतले. पण त्यांनी फराइजींना आयुष्यभर विरोध केला आणि 23 नोव्हेंबर 1870 रोजी कलकत्त्याच्या मोहमेडन लिटररी सोसायटीत ब्रिटिश हिंदुस्थान दार-उल-इस्लामच आहे असे व्याख्यान दिले. त्याच वर्षीच्या जुलैत उत्तरेतल्या उलेमांनी वेगळ्या वाटेने शांततेचाच मुक्काम गाठला: मुसलमानांना इथे ख्रिश्चनांचे संरक्षण आहे, आणि संरक्षण देणाऱ्याविरुद्ध जिहाद होत नाही. मक्केच्या मुफ्तींचे फतवेही मिळवले गेले.

बंगालचा सनदी अधिकारी डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर याने 1871 सालच्या ‘द इंडियन मुसलमान्स’ या पुस्तकात हे सारे फतवे छापले आणि एक मार्मिक गोष्ट हेरली. कलकत्त्याचा निर्णय ऐकायला राजनिष्ठ, पण शास्त्राने धोक्याचा: देश अजून दार-उल-इस्लाम असेल तर तो बळकावणाऱ्याला हाकलणे कर्तव्य ठरू शकते. दार-उल-हर्ब म्हटले तर उलट, तिथे राहणारा मुसलमान मिळालेल्या अमानेला बांधील, म्हणून बंडाला बंदी. नाव शांततेचे, निष्कर्ष युद्धाचा. नाव युद्धाचे, निष्कर्ष शांततेचा. हंटरची घाई, त्याचे मुसलमानांबद्दलचे सरसकट निष्कर्ष सय्यद अहमद खानांनी लगेच खोडून काढले आणि ते बरेच बरोबर होते. पण हे निरीक्षण मला आजही मोलाचे वाटते. लेबलावरून वागणूक ठरत नाही, याचा इतका चोख दाखला दुसरा नाही.

आता सर्वांत गद्य आणि म्हणूनच सर्वांत विश्वसनीय पुरावा: व्याज. अबू हनीफा आणि शैबानी यांच्या मते दार-उल-हर्बमध्ये मुसलमानाने तिथल्या मुसलमानेतराकडून घेतलेले जादा पैसे व्याजबंदीत येत नाहीत. अबू यूसुफ आणि शाफईंना हे मान्य नाही. म्हणजे देश दार-उल-हर्ब ठरला तर हनफी सावकाराची, पुढे बँकेत ठेव ठेवणाऱ्याची, सोय होते. दार-उल-इस्लाम ठरला तर दार बंद. शाह अब्दुल अझीझांकडे येणाऱ्या प्रश्नांत व्याजाचे प्रश्न होते आणि त्यांनी ही सवलत मान्य केली. त्यांनी तलवार उपसा असे सांगितल्याचे त्या फतव्यात नाही. उलट घराण्यातल्या मौलवी अब्दुल हईंनी कंपनीची नोकरी धरली तेव्हा शाह अब्दुल अझीझांनी ती योग्य ठरवली. 1880 च्या दशकात बरेलीचे अहमद रझा खान यांनी हिंदुस्थान दार-उल-इस्लाम असल्याचे एक प्रकरणच लिहिले. व्याज खायचे म्हणून देशाला दार-उल-हर्ब म्हणणारे पण हिजरत, म्हणजे देशत्याग, करायला न उठणारे, यांच्यावरचा त्यांचा राग त्यात लपत नाही. 1930 च्या दशकात हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातले मनाझिर अहसन गिलानी आणि पुढे पाकिस्तानात इस्लामी राज्य मागणारे मौदूदी यांचा याच प्रश्नावर लेखी वाद झाला. खातेवही उघडली की युद्धाची परिभाषा कशी लगेच मवाळ होते, हे पाहून थोडे हसू येते; पण धर्मशास्त्रे जिवंत राहतात ती अशाच वाटांनी, आपलीही तशीच राहिली.

या कल्पनेला अक्षरशः नकाशा मानून वागण्याचा एक मोठा प्रयोग हिंदुस्थानात झाला आणि तो एका पावसाळ्यात संपला. 1920 साली खिलाफत चळवळीच्या ज्वरात ब्रिटिश हिंदुस्थान दार-उल-हर्ब आहे, तेव्हा दार-उल-इस्लामकडे, म्हणजे अफगाणिस्तानकडे, निघा असा पुकारा झाला. अमीर अमानुल्लाह याने फेब्रुवारीत स्वागताची भाषा केली होती. मौलाना आझादांनी हिजरतीचा फतवा दिला; अहमद रझा खानांनी विरोध केला. सरहद्द प्रांत, पंजाब आणि सिंधमधून माणसे जमिनी-गुरे मिळेल त्या किमतीला विकून खैबरकडे निघाली. त्यांच्या संख्येचे अंदाज 18 हजारांपासून 60 हजारांपर्यंत जातात. खान अब्दुल गफार खानही त्यांच्यात होते. ऑगस्टमध्ये काबूलने दार लावून घेतले. अमानुल्लाहने आदल्या वर्षीच रावळपिंडीत इंग्रजांशी तह केला होता. त्याला राज्य चालवायचे होते, तिजोरी रिकामी होती आणि हे मुहाजिर त्याला परदेशी नागरिक दिसत होते. माणसे परतली ती कफल्लक होऊन. वाटेत मेलेल्यांची गणती नाही. काही तरुण पुढे ताश्कंदला गेले आणि तिथे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या कम्युनिस्ट पक्षाला मिळाले, ही इतिहासाची थट्टा. या प्रसंगाने दाखवले ते हे की इस्लामी राज्यांनीच ही कल्पना कधीच मागे टाकली होती. उस्मानी सुलतानांनी 1699 साली कार्लोविट्झला ख्रिस्ती सत्तांशी सरहद्द आखून घेतली, 1774 साली क्रिमियाच्या मुसलमानांवरचे राजकीय स्वामित्व सोडले. हिंदुस्थानातले भाविक मात्र अशा एका घराच्या शोधात निघाले, ज्याच्या मालकाने पाहुण्यांसाठी पासपोर्ट सुरू केला होता.

इथे सर्वांत वजनदार आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, कारण तो डॉ. आंबेडकरांचा आहे. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ या 1940 च्या ग्रंथात त्यांनी असे मांडले की या सिद्धान्तानुसार हिंदुस्थान हिंदू आणि मुसलमान यांची समान मातृभूमी होऊ शकत नाही. देश दार-उल-हर्ब ठरला की हिजरत किंवा जिहाद हे दोन मार्ग उघडतात, आणि 1920 ची हिजरत हा केवळ पुस्तकी सिद्धान्त नसल्याचा पुरावा आहे. आंबेडकरांचे एक म्हणणे निर्विवाद आहे: ही कल्पना मेलेली नव्हती, ती माणसांना घरदार विकायला लावू शकत होती. ‘हे तर इंग्रजांच्या दबावाखालचे राजनिष्ठ फतवे’ असे म्हणून 1870 चा पुरावाही उडवता येईल, आणि त्यात तथ्य आहे. हंटरच्या मागे सरकारची काळजी होती. पण चौल, संजाण आणि मलबारचे मुसलमान कोणत्या सरकारला खूश करत होते? 1920 मध्येही घरे सोडली ती हजारोंनी, आणि न सोडणारे कोट्यवधी होते. त्या कोट्यवधींना सिद्धान्त ठाऊक नव्हता असे नाही. त्यांच्यापुढे दुसरे उत्तर होते, तेही त्याच शास्त्रातले. एका सिद्धान्तातून चार परस्परविरोधी आज्ञा निघत असतील तर कोणती आज्ञा निवडली जाते, याचे कारण त्या सिद्धान्तात सापडत नाही. ते जमिनीच्या भावात, अटकेच्या भीतीत, पुढाऱ्यांच्या महत्त्वाकांक्षेत, शेजाऱ्याच्या वागणुकीत शोधावे लागते. सिद्धान्तावरून समाजाचे भविष्य सांगण्याची आंबेडकरांची पद्धत इथे मला अपुरी वाटते, जरी त्यांनी दाखवलेला धोका खरा होता.

उरला तो भाग, जो मी शेवटासाठी ठेवला होता. देवबंदचे हुसैन अहमद मदनी यांनी 1938 साली संयुक्त राष्ट्रीयत्वाची बाजू मांडली आणि आधार घेतला तो प्रेषितांनी मदिनेत ज्यूंसह केलेल्या कराराचा. पुढे स्वतंत्र भारत हा दार-उल-अहद, म्हणजे कराराचा प्रदेश, अशी मांडणी अनेक उलेमांनी स्वीकारली. फाळणीच्या वेळी अंगावर शिव्या झेलत मदनींनी हे धैर्य दाखवले, त्याला मान द्यावा. पण कराराची कल्पना नागरिकाच्या कल्पनेहून दुबळी आहे. करार दोन गटांत होतो, मोडताही येतो. आणि एका गटाच्या पुढाऱ्यांनी तो केला तर त्या गटातल्या बाईचा, बंडखोराचा, अश्रद्धाचा हक्क त्या पुढाऱ्यांच्या हाती जातो. हमीद दलवाईंनी 1970 साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले तेव्हा त्यांचे भांडण नेमके याच मध्यस्थीशी होते. आणि कराराची दुसरी बाजू किती थंड असू शकते, हे 1954 च्या न्यायमूर्ती मुनीर यांच्या चौकशी अहवालात दिसते. पाकिस्तानात इस्लामी राज्य मागणाऱ्या मौदूदींना विचारले गेले की मग भारताने मनूचा कायदा लावून तिथल्या मुसलमानांना शूद्रांसारखे वागवले तर? त्यांनी आपली हरकत नाही असे सांगितले. अमानेची कल्पना कितीही सुधारून घेतली तरी तिच्यात कोणीतरी देणारा आणि कोणीतरी घेणारा उरतोच. दार-उल-इस्लाममधला जिम्मी घेणारा होता, हिंदू राष्ट्राच्या आजच्या पुरस्कर्त्यांना मुसलमान तसाच घेणारा हवा आहे. दोघांची परिभाषा वेगळी, कायद्याची रचना एकच.

म्हणून भारत दार-उल-इस्लाम, दार-उल-हर्ब की दार-उल-अहद, या प्रश्नाला चौथे शास्त्रीय नाव शोधत बसण्याची गरज मला वाटत नाही. मौलाना सईद अहमद अकबराबादींनी 1960 च्या दशकात अलीगढहून याच अर्थाचे लिहिले होते की जुन्या कप्प्यांत हे राज्य बसत नाही. भारतीय राज्यघटनेची बहुतेक कलमे 26 जानेवारी 1950 ला अमलात आली. नागरिकत्वाची 5 ते 9 ही कलमे मात्र त्या दिवसाची वाट न पाहता 26 नोव्हेंबर 1949 लाच लागू झाली, आणि त्या पाचही कलमांत धर्माचा उल्लेख नाही.